कंपनीची नोंदणी : मध्यस्थाची निवड आणि आपली स्वाक्षरी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील उद्योगविषयक बैठकीत दिलेले व्याख्यान)



आजच्या बैठकीसाठी चिटणिसांनी मला नेमून दिलेला विषय आपल्या वाडवडिलांना काहीसा चमत्कारिक वाटला असता. त्यांच्यापुढे नोकरी करावी की धंदा करावा एवढाच प्रश्न असे. आजच्या तरुणापुढे धंद्याचा निश्चय झाल्यानंतरही आणखी एक प्रश्न उभा राहतो. त्याला आपल्या नवोद्योगाची, ज्याला सर्वजण स्टार्टअप म्हणतात त्याची, कंपनी नोंदवावयाची असते. आणि घरबसल्या ऑनलाइन नोंदणी करून देऊ असे सांगणाऱ्या सेवा तर इंटरनेटवर पावलोपावली भेटतात. त्यांतली कोणती पत्करावी? कोणी स्वस्ताईची ग्वाही देतो, कोणी शीघ्रतेची, कोणी दोहोंची.

मी येथे कोणत्याही सेवेची शिफारस करणार नाही आणि कोणाची निंदाही करणार नाही. अशा सेवांचे दर, मालक आणि माणसे वारंवार बदलतात. आज दिलेले नाव ही स्मरणिका आपल्या हाती पडेपर्यंत शिळे होईल. ज्या कसोट्यांवर कोणतीही सेवा घासून पाहता येईल, त्या कसोट्या मात्र टिकाऊ आहेत. त्या आपल्यापुढे मांडणे एवढेच माझे आजचे काम.

प्रथम कंपनी म्हणजे काय, हे ध्यानात घेऊ. लंडनमध्ये ॲरन सॉलोमन नावाचा बुटांचा एक कारखानदार होता. त्याने आपला चालता धंदा १८९२ साली एका कंपनीच्या नावे केला. कंपनीचे भागधारक म्हणजे तो स्वतः, त्याची पत्नी आणि पाच मुले. पुढे कंपनी बुडाली. कंपनी म्हणजेच सॉलोमन, सबब कर्ज त्याच्याकडून वसूल करावे, असा दावा झाला. १८९६ साली ब्रिटिश उमरावसभेने निवाडा दिला की, कायद्याप्रमाणे नोंदलेली कंपनी ही तिच्या भागधारकांहून निराळी अशी स्वतंत्र व्यक्ती होय. जगातील असंख्य कंपन्यांचा कारभार आज ह्याच तत्त्वावर उभा आहे. कंपनी काढणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एका नव्या व्यक्तीला जन्म देणे होय. जन्म देणे एका दिवसाचे काम असते. संगोपन पुष्कळ वर्षांचे.

आपल्या देशात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० साली झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा कायदा आला आणि त्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. पूर्वी मुद्रांकित कागद, साक्षीदार आणि निबंधकाच्या कचेरीचे हेलपाटे हा नोंदणीचा मार्ग होता. २००६ साली केंद्र सरकारने ही कागदपत्रे संगणकाद्वारे स्वीकारण्यास आरंभ केला, आणि फेब्रुवारी २०२० पासून ‘स्पाइस प्लस’ नावाचा एकत्रित अर्ज प्रचारात आला. ह्या एका अर्जाने कंपनीचे नाव राखून ठेवता येते, कंपनीची नोंदणी होते, संचालकांना ओळखक्रमांक मिळतात, प्राप्तिकराचे पॅन व टॅन हे क्रमांक मिळतात, भविष्यनिर्वाह निधी व राज्य विमा योजनेची नोंद होते आणि बँकेतील खात्याचीही तजवीज होते. महाराष्ट्रातील नव्या कंपनीची व्यवसायकराची नोंदही त्याबरोबरच होते. अर्ज पुण्याहून केलेला असो वा अमरावतीहून, त्याची छाननी हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात होते.

ह्यावरून एक गोष्ट उघड होईल. ज्या सेवेला आपण पैसे देतो, ती सेवा कंपनी ‘देत’ नाही. कंपनी सरकार देते. सेवा अर्ज भरते, कागद जुळवते आणि पाठपुरावा करते. तेव्हा अमुक दिवसांत कंपनी हातात देण्याची हमी जो देतो, तो जी गोष्ट त्याच्या स्वाधीन नाही तिची हमी देत असतो. उलट, अर्ज निर्दोष असेल आणि त्रुटी निघाल्यास जादा आकार न घेता ती दुरुस्त करून देऊ, असे जो लेखी सांगतो, त्याचे बोलणे विश्वासार्ह मानावे.

आता कसोट्यांकडे वळू.

पहिली कसोटी अशी की, सेवा आपल्याला प्रथम काय विचारते? तुम्हाला कंपनी खरोखर हवी आहे काय, हा प्रश्न तिने आधी विचारला पाहिजे. एकट्याच्या मालकीचा धंदा आहे, १९३२ च्या कायद्याखालील भागीदारी आहे, २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित जबाबदारीची भागीदारी म्हणजे एलएलपी आहे, एकव्यक्ती कंपनी आहे आणि खाजगी मर्यादित कंपनी आहे. परक्याचे भांडवल घ्यावयाचे असेल, सहकाऱ्यांना भाग द्यावयाचे असतील, तर खाजगी कंपनी सोयीची ठरते. तसे काही नसता केवळ नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ शोभते म्हणून ती काढणे म्हणजे ओझे विकत घेणे होय. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आणि ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली ती १९२० साली. धंदा आधी उभा राहिला, कंपनी मागाहून आली. आजच्या काळाची गती निराळी आहे हे मान्य. परंतु गरजेचा क्रम तोच आहे. जी सेवा हा प्रश्न न विचारता थेट पैसे भरण्याचे पान उघडते, तिने सल्ला दिला नाही, माल विकला.

दुसरी कसोटी, स्वाक्षरी कोणाची? कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या कामात गुंतलेल्या वकिलाने, सनदी लेखापालाने, परिव्यय लेखापालाने किंवा कंपनी सेक्रेटरीने सर्व अटी पाळल्याचे प्रतिज्ञापन करावे लागते. म्हणजे संकेतस्थळ कितीही झगमगीत असले, तरी त्याच्यामागे एक सनदधारक व्यक्ती असलीच पाहिजे. तिचे नाव व सदस्यत्वक्रमांक पैसे देण्यापूर्वीच मागावा आणि तिच्या व्यावसायिक संस्थेच्या यादीत तो पडताळून पाहावा. तिच्याशी निदान एकदा प्रत्यक्ष संभाषण करावे. हे नाव सांगण्यास जी सेवा टाळाटाळ करते, तिच्याशी व्यवहार येथेच थांबवावा.

तथापि त्या व्यक्तीच्या स्वाक्षरीने आपली स्वाक्षरी गौण ठरत नाही. त्याच सातव्या कलमात असे म्हटले आहे की, खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून कंपनी नोंदली गेली, तर प्रवर्तक आणि पहिले संचालक हे फसवणुकीच्या कलमाखाली जबाबदार धरले जातील. ‘अर्ज त्यांनी भरला, मी फक्त मोबाइलवर आलेला अंक सांगितला’ हा बचाव तेथे चालत नाही. म्हणून अर्ज दाखल होण्यापूर्वी त्याची संपूर्ण प्रत जी सेवा वाचावयास देते आणि वाचण्यास वेळ देते, तीच पत्करावी.

तिसरी कसोटी आहे कंपनीच्या नियमावलीची, म्हणजे आर्टिकल्सची. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ‘टेबल एफ’ नावाचा नियमांचा एक नमुना दिलेला आहे. स्वस्त सेवा बहुधा तोच जसाच्या तसा लावून मोकळी होते. नमुना वाईट नाही; परंतु तो सर्वांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. समजा, दोन मित्रांनी निम्मे निम्मे भाग घेऊन कंपनी काढली. त्या नमुन्यात संचालक मंडळाच्या बैठकीत समसमान मते पडल्यास अध्यक्षाला निर्णायक मत दिलेले आहे. म्हणजे दोघांपैकी जो अध्यक्ष झाला, त्याचेच मंडळात चालणार. आणि दुसऱ्याला ते भांडणाच्या दिवशी प्रथमच समजणार. तसेच, दोघांपैकी एकजण सहा महिन्यांत नोकरीवर परत गेला, तर त्याच्या निम्म्या भागांचे काय करावे, ह्याचे उत्तर त्या नमुन्यात सापडत नाही. पुढे नियम बदलावा म्हटले, तर विशेष ठराव हवा, आणि त्यासाठी विरोधी मतांच्या निदान तिप्पट मते अनुकूल पडली पाहिजेत. जो दुरावला आहे त्याच्याच संमतीवाचून मग काही हलत नाही. लग्नाच्या बैठकीत आपले वडीलधारे देण्याघेण्याची याद आधी लिहून घेत, ती अविश्वासामुळे नव्हे, तर संबंध टिकावा म्हणून. मैत्रीच्या व्यवसायातही तोच न्याय लावावा. भागांची वाटणी, निवृत्तीच्या अटी आणि मतभेदाचा निकाल ह्यांविषयी जी सेवा आपल्याला बसवून बोलते करते, तिला चार पैसे जास्त पडले तरी ते वाया जात नाहीत.

चौथी कसोटी बिलाची. बिलाचे पोटभाग सुटे करून मागावेत : सरकारी शुल्क, राज्याचे मुद्रांकशुल्क, डिजिटल स्वाक्षरीचा खर्च, व्यावसायिकाचा मोबदला आणि त्यावरील वस्तू व सेवा कर. नाव राखून ठेवण्याचे शुल्क एक हजार रुपये आहे. अधिकृत भांडवल पंधरा लाख रुपयांपर्यंत असेल, तर नोंदणीच्या अर्जाचे केंद्रीय शुल्क २०१९ पासून शून्य आहे. मुद्रांकशुल्क मात्र राज्याच्या दराने भरावे लागते. तेव्हा लहान कंपनीच्या बिलात ‘सरकारी फी’ ह्या एकाच शब्दाखाली मोठी रक्कम दिसली, तर तिच्या पावत्या मागाव्यात. आणखी एक सांगतो. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी आणि केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाकडून मिळणारी स्टार्टअपची मान्यता, ह्या दोहोंनाही सरकार काही आकारत नाही. कोणी अर्ज भरून देण्याची मजुरी घेतली तर ती मजुरी होय. तिला सरकारी शुल्काचे नाव देणे अप्रामाणिकपणाचे आहे. शिवाय कंपनीची नोंदणी झाली म्हणजे स्टार्टअपची मान्यता मिळाली असे होत नाही. त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तद्वत, कंपनीला नाव मिळाले म्हणजे त्या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क मिळाला असेही नाही. ज्याचे व्यापारचिन्ह आधी नोंदलेले आहे, त्याला कंपनीच्या स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत तिचे नाव बदलण्याची मागणी करता येते. पाट्या रंगवण्यापूर्वी व्यापारचिन्हांची सूची पाहून देणारी सेवा आपला पुढचा खर्च वाचवते.

पाचवी कसोटी किल्ल्यांची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संचालकाची डिजिटल स्वाक्षरी एका लहानशा टोकनमध्ये साठवलेली असते. तिला हस्ताक्षराइतकेच मोल आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या २००० सालच्या कायद्याने तिची गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी घेणे हे स्वाक्षरीधारकाचे कर्तव्य ठरवले आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र ‘पुढच्या कामासाठी आमच्याकडेच असू द्या’ असे म्हणून टोकन आणि त्याचा परवलीचा शब्द मध्यस्थाकडेच राहतो. कोरे धनादेश सही करून परक्याच्या कपाटात ठेवावेत, तसाच हा प्रकार. दुसरी किल्ली म्हणजे अर्जात दिलेला ईमेलचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक. तेथे सेवेने स्वतःचा पत्ता घातला, तर निबंधकाची नोटीस तिच्याकडे जाईल, आणि आपण तिचे वर्गणीदार राहिलो नाही तर ती नोटीस कोणी वाचणारही नाही. तिसरी किल्ली म्हणजे सरकारी संकेतस्थळांवरील खात्यांची नावे व परवलीचे शब्द. सेवेला पहिला हप्ता देण्यापूर्वी ह्या तिन्ही किल्ल्या आपल्याच हाती राहतील असे लेखी घ्यावे.

नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता हाही असाच विषय आहे. स्वतःच्या घराचा पत्ता देता येतो. त्यासाठी विजेचे अलीकडचे बिल आणि मालकाचे संमतिपत्र पुरते. काही सेवा भाड्याचा नुसता नावापुरता पत्ता देऊ करतात. ध्यानात ठेवावे की, कंपनी प्रत्यक्ष कामकाज करीत नाही अशी शंका आल्यास निबंधक त्या पत्त्याची समक्ष तपासणी करू शकतो. टपाल जेथे खात्रीने पोहोचते आणि पाहणीस आलेल्या माणसाला जेथे कंपनी सापडते, तोच पत्ता चांगला.

सहावी कसोटी अशी की, नोंदणीनंतर काय? प्रमाणपत्र हाती आले की पेढे वाटले जातात. आणि त्याच दिवसापासून मुदती चालू होतात. तीस दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक व्हावी लागते आणि पहिला हिशेबतपासनीस नेमावा लागतो. दोन महिन्यांत भागप्रमाणपत्रे द्यावी लागतात. एकशे ऐंशी दिवसांत, भागधारकांनी आपापल्या भागांची रक्कम भरली आहे, असे प्रतिज्ञापन दाखल करावे लागते. हे बंधन नोव्हेंबर २०१८ पासून आलेले आहे. ते न पाळल्यास कंपनीला पन्नास हजार रुपये दंड होतो, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना दररोज हजार रुपयांप्रमाणे एक लाखापर्यंत निराळा दंड आहे, आणि कंपनीचे नाव पटावरून काढण्याचा मार्गही निबंधकाला मोकळा होतो. पुढे दरसाल ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दाखल करावयाचे. धंदा एक रुपयाचाही झाला नाही तरी हे चुकत नाही. उशिराबद्दल प्रत्येक पत्रकामागे दररोज शंभर रुपये पडतात, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन पत्रके तीनशे दिवस राहिली, तर साठ हजार रुपये झाले! म्हणून नोंदणीचा दर विचारतानाच पहिल्या वर्षाच्या ह्या सर्व कामांचा दर विचारावा. जी सेवा नोंदणी जवळजवळ फुकट करते, ती आपला मोबदला येथेच वसूल करील, असा हिशेब धरून चालावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय ज्ञातीच्या संमेलनात बोलणे मला अगत्याचे वाटले, तिच्याकडे येतो. खाजगी कंपनीला निदान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. मुलगा उद्योग काढतो, आणि दुसरे नाव हवे म्हणून आईचे, वडिलांचे किंवा पत्नीचे नाव घालतो. सेवेच्या पानावर ते दोन मिनिटांचे काम असते. ‘आई, ह्या ठिकाणी सही कर’ एवढेच तिला सांगितले जाते. परंतु कायद्यात नावापुरता संचालक असा प्रकार नाही. लागोपाठ तीन वर्षे वार्षिक पत्रके दाखल झाली नाहीत, तर त्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि त्यांचे दुसऱ्या कंपन्यांतील संचालकपदही जाते. २०१७ साली सरकारने दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्या पटावरून काढल्या आणि लक्षावधी संचालक अपात्र ठरवले. समजा, वडील एखाद्या जुन्या घरगुती कंपनीत संचालक आहेत, आणि मुलाची बंद पडलेली कंपनी तशीच राहून गेली. तर मुलाच्या कंपनीपायी वडिलांचे तेथले स्थान जाते. अपयश हा धंद्याचा धर्म आहे, त्यात लाज नाही. परंतु वृद्ध माता-पित्यांच्या नावे नोटीस यावी आणि तिचा अर्थही त्यांना कळू नये, ही लाजेची गोष्ट होय.

तेव्हा तरुणांना माझे सांगणे असे की, घरच्या माणसाला संचालक करावयाचे तर त्याला मराठीत सर्व समजावून सांगा, त्याची डिजिटल स्वाक्षरी त्याच्याच हाती द्या आणि दरसाल कोणती पत्रके दाखल झाली ते त्याला दाखवा. खरोखरच एकट्याचाच उद्योग असेल, तर एकव्यक्ती कंपनीचा मार्ग आहे. तीत एका सभासदावर व एका संचालकावर भागते. मृत्यू किंवा असमर्थता आल्यास पुढे कोण, एवढ्यापुरते एक नामनिर्देशन मात्र द्यावे लागते. आणि वडीलधाऱ्या मंडळींना, विशेषतः भगिनींना, माझी विनंती आहे की, पोराच्या प्रेमाखातर सही अवश्य करा, परंतु वाचून करा. न समजल्यास विचारा. जी सेवा आपल्याशी आपल्या भाषेत बोलावयास तयार नाही, तिच्या कागदावर सही करण्याची घाई नको.

आपल्यापैकी काहींची मुले परदेशी आहेत, आणि अमेरिकेतील डेलावेअर राज्यात कंपनी नोंदण्याचा विचार ती करतात. अमेरिकन भांडवल घ्यावयाचे असेल तर त्यात तथ्य आहे. तेथेही ऑनलाइन सेवा हे काम करून देतात. परंतु येथे राहणाऱ्याने परदेशी कंपनीत भाग घेतले की परकीय चलनाचा आपला कायदा आणि परदेशी गुंतवणुकीचे २०२२ चे नियम लागू होतात. तेथली सेवा ह्याविषयी आपल्याला सावध करीलच असे नाही. तेव्हा दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या सल्लागाराला विचारल्यावाचून हे पाऊल टाकू नये.

बंधूंनो आणि भगिनींनो, सारांश थोडक्यात सांगतो. जी सेवा अर्जाच्या आधी प्रश्न विचारते, स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव सांगते, नियमावली आपल्या गरजेप्रमाणे लिहिते, बिल सुटे करून देते, किल्ल्या आपल्या हाती ठेवते आणि नोंदणीनंतरची कामे आधीच लिहून देते, ती सेवा निवडावी. मग ती मोठ्या नावाची असो, वा आपल्याच पेठेतील एखाद्या होतकरू सनदी लेखापालाची असो. ह्या सहांपैकी एकाही प्रश्नाला पैसे पडत नाहीत. ते विचारण्याचे धैर्य मात्र हवे. आपले वाडवडील हुंडी घेताना तीवरील अक्षर ओळखून घेत. कागद गेला आणि पडदा आला, तरी स्वाक्षरीचे मोल तेवढेच राहिले आहे.

आपल्या तरुणांनी अनेक कंपन्या काढाव्यात, त्या नांदाव्यात, आणि एखादी न चालली तर तीही रीतसर, कोणाचे देणे न ठेवता मिटवावी, अशी इच्छा व्यक्त करतो.